सेमिनरी सोडून आलेला मुलगा आणि त्याच्याशी न बोलणारा बाप

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही मूळच्या साताऱ्याच्या, हिंदू घरातल्या, आणि पटकथा लिहिताय वसईतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाची. धाकटा मुलगा सहा वर्षं सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, राहून फादर न होताच परत आलाय. बाप त्याच्याशी बोलत नाही, आई दोघांच्या मधे. पहिला मसुदा वाचून लोक म्हणाले, ‘प्रवचन वाटतं.’ म्हणून दुसऱ्यात तुम्ही प्रार्थना, चर्च, फादर सगळं छाटलं. आता तेच लोक म्हणतात, ‘हे कुटुंब ख्रिस्ती नसतं तर काय बिघडलं असतं?’ तर श्रद्धा नेमकी किती दाखवावी, त्यासाठी कोणत्या फिल्म बघाव्यात आणि शेवटी बाप-मुलगा एकत्र यावेत का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी वसईचा. आमच्या घरात सामवेदी बोलतात, जिला बरेच जण कादोडी म्हणतात. गेली बावीस-तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या पटकथा वाचून शेरे मारणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे दोन्हीकडून बोलायचा थोडाफार हक्क आहे, आणि उत्तर लांबणार आहे.

‘किती’ला माझ्याकडे उत्तर नाही. श्रद्धा मिठासारखी चिमटीने घालायची असं धरून तुम्ही चाललाय. एकदा खारट झालं, एकदा अळणी. पण तुम्ही जो सारांश दिलाय त्यावरून मला दोन्ही मसुद्यांत दुखणं एकच दिसतं. बाप-मुलाचं भांडण श्रद्धेच्या शेजारून जातं, तिच्यातून जात नाही. अशा वेळी मी एक साधी परीक्षा घेतो. पात्रांची नावं बदलायची. वसईऐवजी कराड, सेमिनरीऐवजी पुण्यातली यूपीएससीची खोली, आणि मुलगा सहा वर्षांनी परीक्षा सोडून घरी आला. तुमचे सीन जसेच्या तसे चालतात का? चालतात. बाप जेवताना उठून जातो, आई डोळे पुसते, शेजारी कुजबुजतात. म्हणजे क्रूस, मेणबत्त्या आणि मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) हा मागचा पडदा झाला. तो जाड केला काय आणि पातळ केला काय, नाटक पुढच्या पुढेच चाललंय.

आता तुमच्याच गोष्टीतलं एक, जे बहुधा तुमच्या ध्यानात आलेलं नाही. कॅथलिक चर्चच्या लेखी सेमिनरी हा पारखून घेण्याचा काळ असतो आणि पारख दोन्ही बाजूंनी चालते. तत्त्वज्ञान, ईश्वरविज्ञान आणि मधली कामाची वर्षं धरून हे शिक्षण आठ-दहा वर्षांपर्यंत जातं. डीकनपदाची (फादर होण्याआधीच्या पायरीची) दीक्षा होईपर्यंत मुलगा केव्हाही ‘मला हे जमणार नाही’ म्हणून उठू शकतो. त्यात पाप नाही, रोमची परवानगी लागत नाही, पुढे लग्नालाही आडकाठी येत नाही. दीक्षा झाल्यावर सोडणं हे वेगळं आणि जड प्रकरण, पण तुमचा मुलगा तिथवर पोचलेलाच नाही.

तुमच्या मसुद्यात धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे, फादर घरी येऊन मुलाला परत चल म्हणून समजावतात. माझ्या पाहण्यातले फादर असं करणार नाहीत. ते चहा घेतील, मुलाला नोकरीचं काय म्हणून विचारतील, जमलं तर कुणाला तरी फोन लावतील. म्हणजे चर्चने मुलाला केव्हाच मोकळं केलंय. त्याला धरून बसलाय तो बाप, आणि धरून बसलाय तो देवाच्या नावाने. बाप चर्चपेक्षा कडक! हे तुम्हाला सापडलं की फादरचा तो समजावणीचा सीन उलटा होतो. फादर आले म्हणून बापाला वाटतं आता आपल्या बाजूने कुणीतरी बोलेल, आणि फादर मुलाला विचारतात, ‘मग आता काय करायचं ठरवलंयस?’ बापाच्या हातातली चहाची बशी तशीच राहते.

मग बापाला खुपतंय काय? हे तुम्ही ठरवायचं. मी असतो तर त्याला दोन कारणं दिली असती. एक म्हणजे त्याने देवाला दिलेला शब्द. हा मुलगा लहानपणी दुखण्यातून उठला आणि तेव्हा बापाने बायकोलाही न सांगता काहीतरी कबूल केलं होतं. दुसरं कारण कुणी उघड बोलत नाही. आमच्याकडे ‘फादरचा बाप’ होणं हा मोठा मान. लोक लग्नाकार्यात पुढची खुर्ची देतात. फादर झालेल्या मुलाच्या पहिल्या मिस्सेचा मंडप कुठे घालायचा हे बापाने मनात आखून ठेवलेलं असतं. शब्द मोडल्याचं दुःख किती आणि मान गेल्याचं किती, हे त्याचं त्यालाच वेगळं काढता येत नाही. तो रोज देवापुढे बसतो आणि ह्या दोन गोष्टींची गल्लत करतो. यूपीएससीच्या बापाला हा त्रास नाही. त्याला कुणापुढे रोज बसावं लागत नाही.

इथे घरचं एक सांगतो. माझे वडील आणि मोठे काका ह्यांचं बावखलाकडे जाणाऱ्या वाटेवरून बिनसलं. बावखल म्हणजे वाडीला (बागायतीला) पाणी देण्यासाठीचं आमच्याकडचं छोटं तळं. वाट जेमतेम चार फुटांची. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. आता पंचाईत अशी की चर्च एकच, आणि मिस्सेत कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) आधी एक क्षण येतो. फादर सांगतात, एकमेकांना शांती द्या. तेव्हा आजूबाजूच्या माणसाकडे वळून हात जोडायचे असतात. म्हणून वडील सकाळच्या पहिल्या मिस्सेला जायला लागले आणि काका दुसऱ्या. कुणी ठरवलं नाही, आपोआप झालं. बरीच वर्षं हे सुरळीत चाललं. पण नाताळच्या रात्री मिस्सा एकच. एका वर्षी आम्ही उशिरा पोचलो, चर्च भरलेलं, आणि स्वयंसेवकाने आम्हाला ज्या बाकावर सरकवलं त्याच्या पुढच्याच बाकावर काका. मी बारा-तेरा वर्षांचा. मला सगळी मिस्सा तो एकच क्षण येणार म्हणून घाम फुटला होता. आला. काका मागे वळले. वडिलांनी हात जोडले, पण नजर काकांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर. काकांनीही जोडले. दोन सेकंद. परत वळले.

त्यानंतरही ते चार वर्षं बोलले नाहीत. वाटेचा प्रश्न पुढे सर्व्हेवाल्याने मोजणी केली तेव्हा सुटला, देवाने सोडवला नाही. पण ते दोन सेकंद चुकवण्यासाठी वडील एवढी वर्षं पहाटे उठून पहिल्या मिस्सेला जात होते, हे मला खूप नंतर कळलं. विधी माणसाकडून कृती आधी करून घेतो. मन मागून येतं, किंवा येतही नाही. आणि ज्याला ती कृती करायची नाही त्याला ती चुकवण्यासाठी आयुष्याचं वेळापत्रक बदलावं लागतं. पटकथा लिहिणाऱ्याला ह्याहून जास्त काय हवं? बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात तर सरळच सांगितलंय की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तुमच्या बापाने हे वाक्य शंभर वेळा ऐकलंय. मग तो कम्युनियन घ्यायला उठतो की नाही? की रांगेत शिरायच्या वेळी त्याला नेमका खोकला येतो? हे प्रवचन होत नाही, कारण कुणी कुणाला काही सांगतच नाहीये.

आता फिल्म. लांबलचक यादी देत नाही. दोन नीट बघा, बाकीच्या जमल्या तर.

पहिली मल्याळम, ‘ई. मा. याउ’. लिजो जोस पेल्लिश्शेरीची, 2018 सालची, पटकथा पी. एफ. मॅथ्यूज ह्यांची. त्याच वर्षी गोव्याच्या इफ्फी ह्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता असे दोन्ही पुरस्कार मिळाले होते. नाव म्हणजे ‘ईशो, मरियम, याउसेप’ ह्याचं आखूड रूप. येशू, मारिया, योसेफ. केरळातल्या ख्रिस्ती घरांत मरणाऱ्याच्या कानात हे शब्द म्हणतात. कोचीजवळच्या चेल्लानमचा समुद्रकिनारा, लॅटिन कॅथलिक वस्ती, आपल्या वसई-उत्तनच्या कोळीवाड्यांची आठवण यावी अशी. म्हातारा बाप घरी येतो, मुलाबरोबर दारू पितो, आपल्या बापाची अंत्ययात्रा कशी थाटात निघाली होती ते सांगतो. मुलगा ईशी नशेत वचन देतो की तुझीही तशीच काढीन. त्याच रात्री बाप मरतो.

इथून पुढे सगळी फिल्म म्हणजे एका वचनाची धावपळ. शवपेटी, बँड, पैसा, पाऊस. त्यात म्हाताऱ्याचं दुसरं कुटुंब दारात येऊन उभं राहतं. आणि मरणाबद्दल संशय घेऊन धर्मगुरू चर्चच्या दफनभूमीत पुरायला नकार देतो. मुलगा शेवटी भर पावसात स्वतःच्या अंगणात खड्डा खणायला घेतो.

पाहताना मोजा, देवाबद्दल किती संवाद आहेत. जवळजवळ नाहीत. तरी धर्म काढला तर फिल्म उभीच राहत नाही, कारण बापाला दिलेला शब्द पाळायचा रस्ता चर्चच्या फाटकातून जातो आणि फाटक बंद आहे. श्रद्धा तिथे कामांच्या यादीत शिरलीय. आणखी एक बघा, म्हाताऱ्याच्या बायकोचा विलाप. ती रडता रडता मेलेल्या नवऱ्याशी बोलते आणि त्याच सुरात आलेल्या-गेलेल्यांना ऐकवतेही. दुःख खरं आणि टोमणाही खरा. दोन्ही एका श्वासात येतात म्हणून तो सीन तिथल्या मातीचा वाटतो.

ह्यावरून तुमच्या आईकडे येतो. तुम्ही तिला फक्त रडवलंय. आमच्या घरांत संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असते. सगळे गुडघ्यांवर किंवा म्हातारे खुर्चीत, समोर येशूच्या हृदयाची तसबीर. रोझरी संपली की हेतू सांगायचे असतात. आजीच्या गुडघ्यांसाठी, अमक्याच्या परीक्षेसाठी, शेजारच्या बाळंतिणीसाठी. जो तो आपापला हेतू मोठ्याने म्हणतो. हा घरातला एकमेव प्रसंग जिथे सगळे एका खोलीत असतात, कुणी उठून जाऊ शकत नाही, आणि एकमेकांकडे न बघता, देवाला उद्देशून, एकमेकांबद्दल बोलता येतं. माझ्या आईने ह्या सोयीचा पुरेपूर फायदा घेतला. ‘घरातल्या मोठ्या माणसांना मोठं मन मिळावं म्हणून.’ वडील जपमाळ गुंडाळत असायचे, त्यांचा हात थांबायचा. उलट उत्तर देणार कसं? ती त्यांच्याशी बोललीच नव्हती. तुमच्या दुसऱ्या मसुद्यातून तुम्ही रोझरी उडवलीत, ती परत आणा. पण रोझरी दाखवायची म्हणून नको. आईला नवऱ्याशी बोलायला दुसरी जागाच नाही म्हणून.

दुसरी फिल्म कोरियन. ‘सीक्रेट सनशाइन’, 2007, दिग्दर्शक ली चांग-डोंग. जॉन डो-यॉनला ह्या भूमिकेसाठी कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. नवरा गेल्यावर एक बाई लहान मुलाला घेऊन नवऱ्याच्या गावी, मिर्यांगला राहायला येते. मुलाचं अपहरण होऊन खून होतो. ती कोसळते, मग एका प्रोटेस्टंट मंडळीत तिला आधार मिळतो, मन निवतं. इतकं की ती ठरवते, तुरुंगात जाऊन खुन्याला स्वतः क्षमा करायची. भेटीच्या खोलीत काचेपलीकडे तो बसलाय, चेहरा शांत. तो सांगतो, देवाने मला क्षमा केली, मी तुमच्यासाठीही प्रार्थना करतो. ती बाहेर येते आणि बेशुद्ध पडते. तिने क्षमा करायच्या आधीच देवाने कशी केली? तिच्याकडे उरलेली एकच देण्यासारखी गोष्ट कुणीतरी परस्पर देऊन टाकली होती.

हा सीन मी शिकवताना वापरतो, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं की फिल्म धर्माविरुद्ध आहे. मला तसं वाटत नाही. क्षमा ही दोघांची गोष्ट असते. श्रद्धा आली की तिसरा पक्ष येतो, आणि तिघांचे हिशेब जुळत नाहीत. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत बायबल सोसायटीचं मराठी भाषांतर ‘ऋण’ हा शब्द वापरतं. आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं तसं तू आम्हाला सोड. लूकच्या शुभवर्तमानातल्या पाठात तिथे पापांची क्षमा आहे. मला पटकथेसाठी मत्तय बरा वाटतो, कारण ऋण म्हटलं की कोण कुणाचं किती देणं लागतो हे विचारता येतं. तुमचा मुलगा बापाला एकदा, शांतपणे, आवाज न चढवता म्हणाला, ‘माझं आणि देवाचं मिटलंय, बाबा,’ तर त्याहून क्रूर वाक्य त्या घरात नाही. बाप देवाच्या वतीने रागावला होता आणि देवाने परस्पर तडजोड केली. आता त्याचा राग फक्त त्याचा स्वतःचा उरला. बापाला घराबाहेर काढायला हे एक वाक्य पुरेल. पहिल्या मसुद्यात मुलगा आपल्या शंकांवर दीड पान बोलतो, त्याची जागा ह्या वाक्याला द्या.

बाकीच्या पटकन. ‘स्टेशन्स ऑफ द क्रॉस’ ही 2014 ची जर्मन फिल्म फक्त चौदा शॉट्समध्ये आहे, क्रूसाच्या वाटेच्या चौदा स्थानांसारखी. कडव्या कॅथलिक घरातली चौदा वर्षांची मुलगी, जी मुक्या धाकट्या भावासाठी स्वतःला अर्पण करू पाहते. आईचं प्रेम आणि आईचा छळ एकाच वाक्यात कसे बसतात ते तिच्यात बघा. पण तिचा कडक घाट उचलू नका, तो तिलाच शोभतो. ‘मिनारी’मध्ये 1980 च्या दशकातलं अर्कान्सामधलं कोरियन कुटुंब आहे. हृदयाचं दुखणं असलेल्या मुलाला आई स्वर्ग दिसावा म्हणून प्रार्थना करायला सांगते, पोरगं घाबरून झोपत नाही, आणि आजी त्याला कुशीत घेऊन म्हणते की कोण माझ्या नातवाला घाबरवतंय. एकाच घरात दोन बायकांची श्रद्धा अशी वेगळी. ‘लेडी बर्ड’च्या शेवटी घर सोडून न्यूयॉर्कला गेलेली मुलगी रविवारी नकळत एका चर्चमध्ये शिरते, थोडं गाणं ऐकते, बाहेर येऊन घरी फोन लावते. तिला देव आठवला की आई, हे तिलाही सांगता येणार नाही.

आता प्रवचनाचा आरोप. अमेरिकेत खास ख्रिस्ती प्रेक्षकांसाठी कुटुंबपटांचा एक मोठा बाजार आहे. जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनीमध्ये एका बाप्टिस्ट चर्चमधून फिल्म करायला लागलेल्या केंड्रिक बंधूंनी 2008 मध्ये सुमारे 5 लाख डॉलरमध्ये ‘फायरप्रूफ’ केली. मोडकळीला आलेला संसार, अग्निशमन दलातला नवरा. ती 3 कोटी डॉलरच्या वर गेली. 2015 ची त्यांची ‘वॉर रूम’ साधारण 30 लाखांत झाली आणि जगभरात 7 कोटींच्या पुढे. तिच्यात एक बायको कपड्यांची खोली रिकामी करून तिथे प्रार्थनेला बसते. मत्तयातलंच, खोलीत जा, दार लाव, ते शब्दशः घेतलेलं. हसू नका. माझ्या मावशीने ती मोबाइलवर दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा रडली. खोली रिकामी करण्याची कल्पना पटकथा म्हणून उत्तमच आहे: श्रद्धेला जागा द्यायची म्हणजे घरातलं काहीतरी बाहेर काढावं लागतं, हे एका कृतीत दिसतं. गाडी अडते ती पुढे. प्रार्थना झाली की नवरा सुधारायला लागतो. प्रेक्षकाला कळतं की निकाल आधीच लागलाय, देव पटकथाकाराच्या बाजूने आहे. प्रवचनाचा वास तिथून येतो, प्रार्थनेच्या संख्येतून येत नाही. तुमच्या पहिल्या मसुद्यातही आई नवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) पूर्ण करते आणि नवव्या दिवशी बाप मुलाच्या ताटात मासा वाढतो. नववा दिवस खोडा. मासा अकराव्या दिवशी वाढू दे, किंवा चौथ्या. आई गोंधळू दे.

अर्थात हे सगळं तुम्ही फिल्म कुणासाठी करताय त्यावर अवलंबून आहे. धर्मग्रामाच्या हॉलमध्ये दाखवायची असेल तर नववा दिवस चालेल, लोकांना तेच हवं असेल आणि त्यात काही वाईट नाही. दुसरं, मी बोलतोय ते वसईच्या कॅथलिक घराबद्दल. हीच गोष्ट अहिल्यानगरच्या प्रोटेस्टंट कुटुंबात नेलीत तर रोझरी नाही, पापनिवेदनाची (फादरना खाजगीत पापं सांगायची) पेटी नाही, पाळकसाहेबांना बायको-मुलं असतात, आणि घरात मध्यभागी बायबल वाचन आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक. तिथे दुसरी पटकथा होईल. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही शाळेत तुकड्यांत वाचली असतीलच, पुन्हा पूर्ण वाचा. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, बाईंनी घेतला तो पाच वर्षांनी. मधल्या काळात धर्माचा प्रश्न त्या घरात कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, चूल कुठे मांडायची, ह्या रूपात येतो. बाईंना ईश्वरविज्ञानावर व्याख्यान द्यावं लागत नाही. मराठीत ह्या विषयाचा धडा इतका आधी गिरवून झालाय आणि आपण तो कोरियात शोधतोय, ही गंमत आहेच.

काही चुका मात्र थेट सांगतो, कारण त्या मला दर दुसऱ्या पटकथेत दिसतात. पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. पोलिसांना नाही, मुलाच्या भल्यासाठी त्याच्या बापाला तर नाहीच. जाणूनबुजून फोडलं तर त्यांचं स्वतःचं चर्चमधून बहिष्करण तिथल्या तिथे होतं. तुमच्या सत्ताविसाव्या सीनमध्ये फादर नेमकं तेच करतात. आत्महत्या केलेल्या माणसाला चर्च पुरू देत नाही, हेही आता खरं नाही. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेत अंत्यविधी नाकारायच्या यादीत आत्महत्या नाही. तुमच्या शेजाऱ्याची ती उपकथा त्यामुळे कोसळते. हिंदी सिनेमातले ‘माय चाइल्ड’ म्हणणारे फादर, गिटार आणि फुलाफुलांचा फ्रॉक ह्यांच्याबद्दल बोलायला नको, ते तुम्ही टाळलंय, आभार.

भाषेबद्दल थोडं जास्त. वसईचं ख्रिस्ती घर घरात सामवेदी, वाडवळी किंवा आपापली बोली बोलतं, आणि चर्चमध्ये प्रमाण मराठी. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली ती पुस्तकी मराठीत. त्यामुळे आमचा माणूस रागावतो एका भाषेत आणि प्रार्थना करतो दुसऱ्या. माझे वडील मला शिव्या कादोडीत द्यायचे, ते ठीक होतं, त्यात माया असायची. ज्या दिवशी ते ‘तू आता मोठा झालास, तुझे निर्णय तू घे’ असं शुद्ध, चर्चमधल्या मराठीत म्हणाले, त्या दिवशी मी खरा घाबरलो. तुमचा बाप मुलाशी बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय. पूर्ण अबोला फिल्ममध्ये फार वेळ टिकत नाही, प्रेक्षक कंटाळतो. त्यापेक्षा तो बोलू दे, पण मिस्सेच्या मराठीत. कादोडी संवाद मात्र स्वतः रचू नका. एखाद्या आजींच्या ओट्यावर जाऊन बसा, वाक्यं वाचून दाखवा, त्या हसतील तिथे खूण करा.

राहिला तिसरा प्रश्न, शेवटी एकत्र यावेत का. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला तुम्ही सुरुवातीलाच वापरलाय, फादरच्या तोंडी. तो परत नीट वाचा. धाकटा परत आला, बापाने धावत जाऊन मिठी मारली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण दाखला तिथे संपत नाही. थोरला शेतातून येतो, गाण्या-बजावण्याचा आवाज ऐकतो आणि आत जायला नकार देतो. मी इतकी वर्षं राबलो, मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीस, म्हणतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि लूक तिथेच थांबतो. थोरला आत गेला की नाही, सांगतच नाही.

तुमच्या घरातही एक थोरला आहे. दोन्ही मसुद्यांत त्याला एकच ओळ आहे: ‘मोठा भाऊ, वाडी बघतो.’ धाकटा सेमिनरीत होता ती सहा वर्षं केळीला पाणी ह्याने दिलं, आईला दवाखान्यात ह्याने नेलं, बिल्डरचा माणूस जमिनीचा भाव घेऊन आला तेव्हा बापाशेजारी हा बसला. बाप धाकट्याशी बोलत नाही म्हणून घरात सगळे रडतायत, आणि ह्याच्याशी बाप काय बोलतो? मोटर बंद केलीस का, एवढंच. तो रोझरीला बसतो तेव्हा त्याचा हेतू काय असतो? तिसरा मसुदा तिथून सुरू करून बघा. आईचा हेतू होऊन गेलाय, बाप जपमाळ गुंडाळतोय, धाकटा जमिनीकडे बघतोय, आणि थोरल्याची पाळी आलीय.